दोन खोल्यांतला समुद्र

रंगीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. गप्पी आणि गोल्डफिश यांची काचपेटी कुठल्याही चाळीत दृष्टीस पडते. पण खाऱ्या पाण्याची पेटी म्हटली, की मंडळी दचकतात. ते काम बड्या हॉटेलांचे, असा सर्वसाधारण समज. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत अशी पेटी गेली तीन वर्षे सुखाने नांदते आहे, आणि ती उभी करण्याचा खर्च एका बेताच्या मोबाइल फोनहून अधिक आला नाही.

पहिली काटकसर कायद्यानेच करून दिली. समुद्रातल्या बागेचे चित्र डोळ्यांपुढे आणले, की प्रथम आठवतात ती प्रवाळे. परंतु दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मान वाघाच्या बरोबरीचा! समुद्रघोडाही त्याच पंक्तीत बसतो. एखादा दुकानदार कानाशी लागून "साहेब, जिवंत माल आला आहे" म्हणाला, तर वाचकहो, सरळ पायऱ्या उतरावे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही घेऊ नये. त्यालाही हाच कायदा लागू आहे.

यात तुमचे नुकसान काहीच नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे पोट बहुतांशी त्याच्याच कमाईवर चालते. त्या शैवालाला प्रखर उजेड हवा, पाण्यात चुन्याचे प्रमाण नेमके हवे आणि उष्मा बेताचा हवा. खारे मत्स्यालय महाग पडते ते या पाहुण्याच्या सरबराईमुळे. तो वगळला, की साधा एलईडी दिवा पुरतो आणि निम्मी यंत्रे दुकानातच राहतात.

जाकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकातून आपली पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे चार बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या पेट्या चालत. सच्छिद्र खडकात राहणारे जंतू पाणी शुद्ध राखतात, हे त्यातले मर्म. मर्म घ्यावे आणि खडक मात्र समुद्रातच राहू द्यावा, असे आम्ही ठरवले.

खडक घरीच केले. पांढरा सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि मूठमूठ जाडे मीठ एकत्र कालवून ओल्या वाळूच्या खळग्यांत ओतले. मीठ पुढे पाण्यात विरघळते आणि दगडाला भोके पडतात. असे दगड बादलीत दोन महिने बुडवून, पाणी पुनःपुन्हा बदलून, सिमेंटचा दाह पुरता निघू द्यावा लागतो. गच्चीवरच्या त्या बादल्यांवरून शेजाऱ्यांनी बरेच विनोद केले. असो.

आता मीठ. माझे बालपण उरणला, मिठागरांच्या शेजारी गेले, त्यामुळे "मिठागरातले मीठ का नाही?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मिठागरात समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत आटते. आटताना आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाला बसते, मग आपले खायचे मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे कडू पाणी मागे उरते ते काढून टाकतात. म्हणजे ताटात येते ते समुद्रातले एकच द्रव्य. बाकीचे वाटेत गळालेले असते. माशाला मात्र सगळेच लागते. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्र मीठच आणावे, इथे हात आखडू नये. चौपाटीवरून घागर भरून आणण्याचा बेतही सोडावा; शहराच्या गटारांची तोंडे कुठे उघडतात ते आपणांस ठाऊकच आहे.

हिशेब सोपा आहे. आमची पेटी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तितकीच उंच. खडक-वाळू घातल्यावर तीत सुमारे ९० लिटर पाणी मावते. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे प्रथम सव्वातीन किलोच्या आत मीठ. पुढे दर पंधरवड्याला १० लिटर पाणी बदलायचे, त्याला ३५० ग्रॅम. वीस किलोची बादली पावणेदोन वर्षे पुरते. पाणी आरओचे घ्यावे, आणि हायड्रोमीटरचा काटा १.०२५ च्या आसपास असावा.

उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारे यंत्र न घेता आम्ही पेटीवर लहान पंखा लावला. पाणी उडून जाताना दोनतीन अंश उतरते. मात्र उडते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. तेव्हा काचेवर खूण करून रोज गोड्या पाण्याचीच भर घालावी. वीज गेली तर बॅटरीवरचा हवापंप जवळ असावा.

सारे जुळले तरी मासे लगेच आणायचे नाहीत, आणि इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया होतो, तो विष. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, जे पाणी बदलून काढता येते. या जंतूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकून पाण्याची परीक्षा करीत बसलो. आईचे म्हणणे, "एवढ्या दिवसांत मासे ताटात दिसले असते." अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आली तेव्हा सातवा आठवडा लागला होता.

मग दोनच क्लाउन मासे आणले, तेही पैदाशीचे. २००३ च्या 'फाइंडिंग निमो' चित्रपटाने मुलांच्या ओळखीचा झालेला हा मासा आता आपल्याकडेही समुद्रातून धरावा लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला त्याची पैदास करून दाखवली आहे. दुकानदाराला तेवढे विचारून घ्यावे. पैदाशीचा मासा तयार खाद्य पहिल्या दिवसापासून खातो, आणि समुद्रफुलावाचून त्याचे काही अडत नाही.

या माशांचा संसारही मजेदार. सगळे आधी नर; जोडीत जो थोराड होतो तो मादी बनतो आणि मग धाक तिचाच. आईने दोघांना पुरुषांची नावे ठेवली होती. गेल्या श्रावणात थोरल्याने खडकावर केशरी अंडी घातली, तेव्हा त्याचे नाव बदलावे लागले.