जुन्या गाडीची काच अडली : दोष बटणाचा की दुसऱ्या कशाचा?

साध्या मारुती ८०० गाडीला काच वर-खाली करायला हँडल होते. ते तुटले तर दुकानातून नवे आणून कोणीही बसवीत असे. १९९८च्या अखेरीस इंडिका आली, मागोमाग इतर गाड्या आल्या आणि वरच्या किमतीच्या मॉडेलांना बटणाची काच मिळू लागली. नंतर ती जवळजवळ सर्वच गाड्यांत आली. आज बारामती, इंदापूर, भिगवणकडच्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांकडे अशीच दहा-पंधरा वर्षांची सेकंडहँड गाडी आहे. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे आणि पुढे वसुलीची पिशवी. या गाडीची काच खाली जाऊन वर येईनाशी झाली की पावसाची एक सर माल खराब करते, आणि बाजारात गाडी उभी करून गिऱ्हाइकाकडे जाण्याची सोय राहत नाही.

मग गाडी इलेक्ट्रिकवाल्याकडे जाते आणि बहुधा एकच उत्तर मिळते, "शेठ, स्विच गेला, नवीन टाकावा लागेल." कधी ते खरे असते. कधी नवीन स्विच टाकूनही चार-सहा महिन्यांत तीच तक्रार पुन्हा येते. म्हणून हे बटण काम कसे करते ते मालकानेही समजून घ्यावे.

दारात एक छोटी मोटर असते. तिला दोन वायरी जातात. बटण मोकळे असताना दोन्ही वायरी निगेटिव्हला जोडलेल्या असतात. वरचे बटण दाबले की एका वायरीत १२ व्होल्टचा करंट येतो. खालचे दाबले की तोच करंट दुसऱ्या वायरीत येतो आणि मोटर उलटी फिरते. हे सर्व बटणाच्या आत तांब्याच्या लहान लहान पत्त्या करतात. दर वेळी पत्ती सुटताना बारीक ठिणगी पडते, काजळी धरते, आणि त्यात धूळ मिसळली की करंट अडतो. आता पाहा, काच खाली जाते पण वर येत नाही, तर मोटर आणि फ्यूज बहुतेक ठीक आहेत, कारण दोन्ही कामे तेच करतात. अशा वेळी संशय पहिला बटणावर घ्यावा. मात्र काच वर येते पण रडत-खडत येते, तर दोष बहुधा रबराचा किंवा थकलेल्या मोटरचा.

धुळीची आपल्याकडे वाण नाही. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूर गाठणाऱ्या माणसाला उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जावेच लागते. त्यात ड्रायव्हरजवळचे बटण सर्वांत जास्त झिजते. पुणे-सोलापूर रस्त्यावर टोलनाक्यावर पैसे देण्यासाठी त्याचीच काच खाली-वर होत असे. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा कुठे त्या बटणाला थोडा आराम मिळाला.

तपासणीची सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करावी. ड्रायव्हरच्या दारावर बाकीच्या काचा बंद ठेवण्याचे लॉक बटण असते. मुलांनी ते दाबलेले असते आणि गाडी गॅरेजला जाते! नंतर फ्यूज पाहावा. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाकावा. तार गुंडाळून काम भागवणाऱ्याच्या दारात गाडी पुन्हा नेऊ नये, अशाने वायरिंग जळते. मग रात्री आतला दिवा लावून बटण दाबावे. दिवा किंचित मंद झाला तर करंट मोटरपर्यंत पोचतो आहे आणि काच किंवा मोटर अडकली आहे. काहीच फरक पडला नाही तर करंट वाटेतच तुटला आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत डाव्या दाराचा करंट ड्रायव्हरजवळच्या मास्टर स्विचमधून फिरून येतो, त्यामुळे डावे बटण चांगले असूनही डावी काच बंद पडू शकते. हे न पाहता डाव्या दाराचे बटण बदलले जाते. दार जिथे उघड-मीट होते तिथल्या रबरी नळीत वायर तुटते, तेही पाहावे. शेवटी मोटरच्या दोन वायरींना थेट बॅटरी लावली की निकाल लागतो.

दोष बटणाचाच ठरला तरी लगेच फेकू नये. बॅटरीची निगेटिव्ह काढावी, पट्टीखाली कपडा ठेवून बटण अलगद उचकवावे, आणि ते प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडावे. आतल्या स्प्रिंगा उडून जमिनीवर पडल्या तर सापडत नाहीत. पत्त्यांवरची काजळी कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावी, राहिली तर झिरो पेपर हलकासा फिरवावा. खरबरीत कागदाने पत्तीचा मुलामा जातो आणि ती पुन्हा लवकर जळते. पत्तीला खड्डा पडला असेल किंवा प्लास्टिक वितळले असेल तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडून नवे बटण घ्यावे. घेताना जुना नमुना सोबत न्यावा आणि कपलरच्या पिना मोजून पाहाव्यात. बाहेरून सारखे दिसणारे बटण आतून वेगळे असते.

आणि रबर! काचेच्या दोन्ही बाजूंचे रबर उन्हाने कडक होते, त्यात माती बसते, मोटरला जोर लागतो, ती जास्त करंट ओढते आणि नव्या बटणाची पत्तीही जळते. चार महिन्यांत येणारी तक्रार पुष्कळदा हीच. रबर पुसून सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, त्याला धूळ चिकटते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सर्व करायला कारागिराचा तास-दीड तास जातो आणि आपण त्याला विचारतो, "सामान काय टाकले?" कापडाच्या दुकानात आम्ही गिऱ्हाइकापुढे वीस ठाण उलगडतो आणि त्याचे काही घेत नाही, कारण आमचा नफा विकलेल्या कापडात असतो. कारागिराला हा हिशेब लावला तर त्यालाही सामान विकणे भाग पडते. नवे बटण पाच मिनिटांत बसते, वर कमिशन मिळते. धुऊन दिलेल्या बटणाचे मात्र शंभर रुपये देताना आपण घासाघीस करतो. मग इमानदार कारागीर तरी काय करील?

कारागीर बांधवांनीही तपासणीची मजुरी वेगळी सांगावी, ती काम हाती घेण्याआधी सांगावी, आणि बदललेले जुने बटण न मागता गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. बिलावर बटण कंपनीचे की लोकल ते लिहावे. मालकाने गाडी सोडताना "स्विच बदलून ठेवा" असे म्हणू नये. काच कोणत्या दाराची, वर जात नाही की खाली, थंड गाडीत अडते की तापल्यावर, एवढे सांगावे. वारंवार वर-खाली केल्यावर बंद पडून पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप चालू होणारी मोटर बिघडलेली नसते. बऱ्याच मोटरींत तापल्यावर करंट तोडणारा बंदोबस्त असतो.

मृगाच्या आधी एक काम घरीच करता येते. दाराच्या खालच्या काठाला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी दारात साचते आणि मोटरला गंज चढतो. काडीने ती मोकळी करून घ्यावीत.