वळीव, लाईट आणि आईचा आवाज

मे महिन्यातला दुसरा शनिवार. दिवसभर निपाणीत अंग भाजून निघत होते. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले, वारा सुटला आणि सातच्या सुमारास वळवाने गाव झोडपायला सुरुवात केली. लाईट गेली. आपल्याकडे ही काही बातमी नव्हे. वळीव आला की लाईट जायचीच. पण त्या रात्री ती तीनदा आली आणि तीनदा गेली. चौथ्यांदा आली तेव्हा पंखे फिरले, फ्रिज घरघरला आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून 'टीं... टीं... टीं...' असा आवाज येऊ लागला.

"अहो, तुमचा डबा ओरडतोय," आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

हा डबा म्हणजे नेटवर्क स्टोरेज. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडा लहान. आत दोन हार्ड डिस्क, मागे एक वायर, ती इंटरनेटच्या राऊटरला जोडलेली. घरातल्या कोणत्याही फोनवरून, संगणकावरून त्यात फोटो, कागद, आवाज ठेवता येतात आणि पाहता येतात. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी तो बसवून दिला. मी मराठीचा प्राध्यापक; विजेचे मला फक्त बिल कळते. पण या डब्यात मी जे साठवले होते ते माझे मलाच ठाऊक.

त्यात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. १९९४ साली मोठ्या ताईच्या टेपरेकॉर्डरवर दोन कॅसेट भरून घेतलेल्या. आई पहाटे चारला दळायला बसल्यासारखी म्हणायची, मध्येच थांबून "झालं काय रं?" विचारायची, तेही त्यात होते. कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या. पुढे त्यांना बुरशी लागली आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या गेल्या. आई गेल्या वर्षी गेली. पुढच्या रविवारी तिचे वर्षश्राद्ध होते. गडहिंग्लज, चिकोडी, कोल्हापूर असे सगळीकडून भाऊबहिणी येणार होत्या आणि जेवणानंतर आईचा आवाज ऐकवतो, असे मी सर्वांना फोनवर सांगून बसलो होतो.

संगणक उघडला. डबा दिसेचना.

आधी हात मागे

माझ्या हाताला पहिली बुद्धी झाली ती बटण दाबून डबा बंद करण्याची आणि पुन्हा चालू करण्याची. टीव्हीला आपण तेच करतो. नशिबाने आधी मुलीला फोन लावला.

"बाबा, दिवे लुकलुकतायत ना? मग तो काहीतरी तपासतोय. त्याला त्रास देऊ नका. कान लावून ऐका, डिस्कचा आवाज कसा येतोय?"

मी कपाटाला कान लावला. एकसारखी मंद घूं ऐकू येत होती. तिचा जीव भांड्यात पडला. टक्-टक्-टक् असा ठोका येत असता तर डबा लगेच बंद करून जाणकाराकडेच न्यावा लागला असता; अशी डिस्क जितकी चालवावी तितकी आतून अधिक खराब होण्याचा धोका असतो, असे ती म्हणाली.

अचानक लाईट गेल्यावर डबा एवढा वेळ काय तपासतो, हे मला तिने सांगितले आणि आमच्या आजोबांचे दुकान आठवले. आजोबा कुठलाही व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि मग रात्री सावकाश खतावणीत उतरवायचे. मध्येच कुणी हाक मारली, काम अर्धे राहिले, तरी दुसऱ्या दिवशी रोजकीर्द उघडली की काय राहिले ते कळायचे. हा डबाही तसाच. काय करणार आहे त्याची नोंद आधी, मग प्रत्यक्ष काम. लाईट मध्येच गेली तर उठल्यावर तो आपली रोजकीर्द वाचतो आणि राहिलेले पुरे करतो. तेवढा वेळ त्याला द्यायला हवा.

रात्री अकरापर्यंत दिला. तरीही डबा संगणकावर दिसेना.

पत्ता बदललेला

रविवारी सकाळी मुलीने राऊटरचे पान उघडायला लावले. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक क्रमांक देतो. तो त्याचा घर नंबर. आमच्या डब्याचा होता १९२.१६८.१.५. रात्रीच्या गोंधळात राऊटरही चारदा उठला-बसला आणि त्याने सगळ्यांना नव्याने नंबर वाटले. पाच नंबर गेला सौ.च्या फोनला, डबा झाला नऊ. मी जुन्या पत्त्यावर कडी वाजवत होतो. बिऱ्हाड शेजारच्या गल्लीत गेले होते!

नवा पत्ता टाकला आणि पान उघडले. अर्धी चिंता मिटली. (राऊटरमध्ये डब्याचा नंबर कायमचा राखून ठेवता येतो. तो आम्ही नंतर ठेवला.)

पण पानावर लाल अक्षरे होती. दोन डिस्कपैकी एक आजारी. आमच्या डब्यात दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो. एक गेली तर दुसरी आहे. या पद्धतीला रेड म्हणतात. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी १९८८ साली आपल्या निबंधातून हे नाव रूढ केले. आपल्या भाषेत सांगायचे तर जोडीतला एक बैल खाली बसला होता आणि गाडी एकावर चालली होती.

त्या लाल अक्षरांखाली एक मोठे निळे बटण होते. डिस्क नव्याने तयार करा, अशा अर्थाचे.

"हे दाबू काय?"

"बाबा! माऊसवरचा हात काढा आधी!"

नव्याने तयार करणे म्हणजे असलेले सारे पुसणे. यंत्र आपल्याला नम्रपणे विचारते आणि घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो. मुलगी म्हणाली, असे बरेच जण डिस्क बिघडल्याने गमावत नाहीत तेवढे दुरुस्तीच्या घाईत गमावतात.

एक बैल बसला तर शहाणा गाडीवान आधी ओझे उतरवतो. आम्हीही तेच केले. दुरुस्ती बाजूला ठेवून बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि सर्वांत आधी आईचा फोल्डर तिच्यावर उतरवला. मग फोटो, मग कागदपत्रे. दुपारी तीनला मी आईची पहिली ध्वनिफीत लावली. जात्याची घरघर, मग तिचा आवाज. सौ. हातातली परात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मोदलु यूपीएस

सोमवारी नवी डिस्क आणायला बेळगावला गेलो. दुकानातल्या कन्नड पोराने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, मोदलु यूपीएस, आमेले डिस्क." आधी यूपीएस, मग डिस्क. खरे होते त्याचे. नवी डिस्क घातल्यावर जुन्या डिस्कवरचे सारे तिच्यावर उतरायला आमच्याकडे रात्रभर लागले. त्या काळात चांगल्या डिस्कवर सगळा भार असतो. तेव्हाच लाईट गेली असती तर?

"पण घरात इन्व्हर्टर आहे की," मी म्हणालो होतो. इन्व्हर्टर होता, पण डब्याचा प्लग त्या लाईनवर नव्हता. असता तरी भरवसा नव्हता. लाईट जाऊन बॅटरीवर यायला इन्व्हर्टर क्षणाचा काही भाग घेतो. बल्बला ते समजत नाही, संगणकाला समजते. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते, ते चालू असले तर हा अवधी कमी होतो. स्वतंत्र छोटा यूपीएस अधिक चांगला. त्याची वायर डब्याला जोडता येत असेल तर बॅटरी संपण्याआधी डबा स्वतःच नीट मिटून घेतो.

जे गेले ते

सगळे मिळाले, असे लिहायला मला आवडले असते. एक गोष्ट गेली.

त्या शनिवारी दुपारी मी आमच्या गल्लीतल्या एका मावशींकडे गेलो होतो. ऐंशीच्या आसपास वय. तरुणपणी त्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. वखारीतल्या बायकांची संघटना कशी उभी राहिली, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात गावाने काय पाहिले, हे त्यांनी मला तासभर सांगितले. फोनवर सारे घेतले आणि संध्याकाळी डब्यात टाकायला लावले. 'कॉपी' ऐवजी 'मूव्ह' दाबले. म्हणजे तिकडे टाकायचे आणि फोनवरून काढायचे. नेमकी तेव्हाच लाईट गेली. फोनवर फाईल नाही, डब्यात आहे ती अर्धवट, उघडत नाही.

निपाणीच्या या कष्टकरी बायकांवर युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा लघुपट केला होता. अलीकडच्या वर्षांत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने युगांतरचे लघुपट डिजिटल करून घेतले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक आज 'परी' या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. आपल्या बायकांचे आवाज बर्लिनमध्ये जपले जातात आणि मी गल्लीतला आवाज एका संध्याकाळीत घालवतो, याची लाज वाटली.

मला एवढे उमगले, की दोन डिस्कचा डबा म्हणजे दोन प्रती नव्हेत. चुकून पुसले तर दोन्हीकडून पुसले जाते. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरले तर दोन्ही एकदमच जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेने यमगर्णीजवळ महामार्ग अडवला होता, तो आपण विसरलेलो नाही. जाणकार सांगतात, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्या आज्या बियाणे एकाच कणगीत ठेवत नसत. थोडे माहेरीही असायचे. आता आमची तिसरी प्रत ताईकडे गडहिंग्लजला असते. सीमाभागात राहण्याचा एवढा तरी फायदा: ती प्रत दुसऱ्या राज्याच्या विजेवर आहे!

वर्षश्राद्धाला सगळे आले. पंगत उठल्यावर आईच्या ओव्या लावल्या. "झालं काय रं?" हे तिचे वाक्य आले तेव्हा धाकटा भाऊ हसता हसता रडला. जाताना प्रत्येकाने आपापल्या फोनवर ओव्या घेतल्या. आता त्यांच्या सात प्रती सात घरांत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेलो. खाली मान घालून काय झाले ते सांगितले.

"मग त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "मी हाय की अजून. बस, चा घे. पर त्या दिवशी सांगितलं तसंच येईल असं न्हाई हं."

तसेच आले नाही. काही गोष्टी राहिल्या, काही नव्या आल्या. पण आले. या वेळी त्यांच्या अंगणातच बसून मी आधी दुसरी प्रत काढली आणि मग चहाचा कप उचलला.