बेअरिंग नवे, घरघर जुनीच

गाडीने ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग घेतला की खालून संथ घरघर सुरू होते. गॅरेजमध्ये चाकाचे बेअरिंग गेल्याचे निदान होते, नवे बसते आणि गाडी शांत होते. पाच-सहा हजार किलोमीटरनंतर त्याच चाकातून तोच आवाज पुन्हा येऊ लागतो. या खेपेस दोष डुप्लिकेट मालाला दिला जातो, महागातले बेअरिंग बसवले जाते आणि काही महिन्यांत तिसरी फेरी घडते. शहरातील अनेक वाहनधारक हे सारे खड्ड्यांच्या आणि पावसाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. मात्र खड्डे चारही चाकांच्या वाट्याला येतात. एकच चाक वारंवार बेअरिंग खात असेल, तर कारण त्या चाकापाशीच शोधले पाहिजे.

छोट्या मोटारीचे चाक एका किलोमीटरमागे साधारण पाचशे फेरे घेते. म्हणजे एक लाख किलोमीटरला पाच कोटी फेरे. चाकाच्या बेअरिंगकडून एवढी चाल सहज अपेक्षित असते. एकसारख्या शंभर बेअरिंगपैकी नव्वद जेवढे फेरे पूर्ण करतात, ते त्या बेअरिंगचे आयुष्य मानण्याची अभियांत्रिकीतील रीत आहे. तेव्हा पाच हजार किलोमीटरवर, पंचवीस लाख फेऱ्यांतच, संपलेले बेअरिंग झिजलेले नसते. त्याला इजा झालेली असते. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा हिशेबही मोठा कठोर असतो. भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मे होत नाही, ते थेट एक-अष्टमांशावर येते.

आवाज बेअरिंगचाच आहे, याची खात्री आधी करावी. झिजलेले टायरही अगदी असेच घुमतात. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाजाची जात बदलली, तर संशय टायरवर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर वळण घेताना गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. डावीकडे वळताना घरघर वाढली, तर बहुधा उजवे चाक दोषी असते. त्यानंतर गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली आणि ती आडवे धरूनही तेवढीच असली, तर बेअरिंग सैल झाले असण्याची शक्यता मोठी. केवळ आडवे हलवताना जाणवली, तर स्टीअरिंगचे सांधे तपासावेत. चाक हाताने फिरवून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटे टेकवली, तर खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते. ही तपासणी न करता केवळ कानावर विसंबून चुकीच्या बाजूचे बेअरिंग बदलले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

वारंवार होणाऱ्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा बसवण्याच्या पद्धतीत सापडते. पुढच्या चाकांचे बेअरिंग ज्या ओतीव भागात घट्ट बसते, त्याला गॅरेजच्या भाषेत नकल म्हणतात. नकलमध्ये बेअरिंग दाबताना प्रेसचा जोर केवळ बाहेरच्या कडीवर पडला पाहिजे. नंतर हब दाबताना आतल्या कडीला खालून आधार हवा. हे उलटे झाले किंवा हातोडीने काम उरकले, तर सारा जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि कड्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खळ्या पडतात. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली धातूची कठीणता मोजण्यासाठी नेमके हेच केले होते: पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि पडलेली खळी मोजायची. घाईत काम करणारा कारागीर नकळत त्याचाच प्रयोग नव्या बेअरिंगवर करतो.

दुसरे दुर्लक्षित स्थान म्हणजे हब. जुने बेअरिंग काढताना आतली कडी अनेकदा हबवर अडकून राहते आणि ती ग्राइंडरने कापली जाते. पाते जरा खोल गेले की हबवर चीर पडते. त्यावर बसवलेली नवी कडी घट्ट न राहता हळूहळू सरकत फिरते आणि हबलाही खाते. अपघातात किंवा मोठ्या खड्ड्यात नकलचे भोक लंबगोल झाले असेल, तरी तेच. अशा गाडीत कितीही उंची बेअरिंग घातले, तरी ते टिकणार नाही. तिसऱ्यांदा काम काढताना हब बदलणे आणि नकलचे भोक मोजून घेणे हा खर्च टाळू नये.

एक्सलच्या मोठ्या नटाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. अशा अनेक बेअरिंगची आतली कडी दोन तुकड्यांची असते आणि नटच त्या दोन्हींना एकत्र दाबून ठेवतो. तो सैल राहिला तर तुकडे विलग होतात. म्हणूनच नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचे वजन चाकावर येऊ देऊ नये. गॅरेजमध्ये गाडी दोन हात पुढे ढकलणेही महागात पडते. हवेच्या गनने अंदाजपंचे आवळण्यापेक्षा कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पाना वापरावा आणि नट नवा घ्यावा.

चाके बाहेर काढून गाडी रुबाबदार करण्याची हौसही येथे नडते. स्पेसर किंवा बाहेर झुकणारी ॲलॉय चाके लावली की भाराची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून दूर सरकते आणि तरफेप्रमाणे ताण वाढतो. पावसाळ्यात तापलेले हब साचलेल्या पाण्यात बुडाले, तर आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेते, ग्रीस बिघडते आणि गंज धरतो.

या सर्वांतून नेमके कारण निवडायचे, तर काढलेले बेअरिंग भंगारात न टाकता मागून घ्यावे आणि उघडून पाहावे. छर्ऱ्यांइतक्याच अंतरावर पडलेल्या खळ्या चुकीच्या दाबाकडे किंवा जबर धक्क्याकडे बोट दाखवतात. बाहेरच्या कडीचे खवले समोरासमोरच्या दोनच जागी निघाले असतील, तर भोक लंबगोल आहे. कडीच्या पाठीवर चकाकी किंवा तपकिरी पट्टे दिसले, तर ती सरकत होती. निळसर छटा उष्णतेची. तेथे अडकलेला ब्रेक तपासावा. धुण्याच्या फळीसारख्या बारीक समांतर रेषा वीजप्रवाहाच्या असू शकतात. बॉडीचे वेल्डिंग करताना अर्थिंग भलत्या जागी लावले, तर प्रवाह बेअरिंगमधून जातो.

घरघर सोसत गाडी चालवत राहणे मात्र धोक्याचे. सैल बेअरिंगमुळे ब्रेकची डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात आणि ऐन वेळी पेडल पहिल्या दाबात खोल जाते. बिघाड आणखी वाढला तर चाकच निखळू शकते.

काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकसंध येते आणि ते बोल्टांनी बसते. तेथे प्रेसचा प्रश्न उरत नाही, सुटा भाग मात्र महाग पडतो. टेकण्याच्या जागेवरचा गंज घासून साफ न करता तो आवळला, तर तोही तिरका बसतो आणि घरघर पुन्हा सुरू होते.