सूर्यफुलाचे तेल आणि बीजाचा वारसा

‘खाण तशी माती’ ही म्हण सूर्यफुलाच्या तेलाला निम्मीच लागू पडते. या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन मेदाम्ले प्रमुख असतात. सामान्य वाणांत लिनोलेइक आम्ल अधिक असते. मात्र दाणे भरण्याच्या काळात हवामान उष्ण असल्यास ओलेइक आम्लाचे प्रमाण वाढते. ओलेइक आम्ल अधिक असलेले तेल लवकर खवट होत नाही व तळणासाठीही अधिक टिकते.

सोव्हिएत संघातील क्रास्नोदर येथे सोल्दातोव या शास्त्रज्ञाने बियाण्यावर रासायनिक प्रक्रिया करून असा वाण निर्माण केला. त्याची माहिती १९७६ साली प्रसिद्ध झाली. ‘पेर्व्हेनेत्स’, म्हणजे पहिले अपत्य, असे त्याचे नाव. ओलेइकचे लिनोलेइकमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराचे कार्य या वाणाच्या भरत्या दाण्यात मंदावते. हा गुण मुख्यत्वे एका अंशतः प्रभावी जनुकामुळे उतरतो. अन्य काही जनुके त्यात कमीअधिक फरक घडवितात.

शेतकरी बांधवांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट पुढेच आहे. दाण्याचे टरफल सर्वस्वी मातृरोपाचे असते. तेल असते ते आतील गरात, आणि गर म्हणजे माता व पिता या उभयतांचे अपत्य. सूर्यफुलाच्या एकाच फुलात शेकडो लहान फुले असतात. मधमाशा त्यांवर निरनिराळ्या रोपांचे पराग आणतात. साहजिकच एका फुलातील दाण्यांचे पिते वेगवेगळे असू शकतात. शेजारच्या शेतात सामान्य वाण त्याच सुमारास फुलला, तर उच्च ओलेइक पिकाच्या तेलाचा दर्जा त्याच हंगामात घसरतो. टरफलावरून मात्र काहीच कळत नाही! म्हणून दोन्ही पिकांत पुरेसे अंतर राखावे, अथवा ती एकाच वेळी फुलणार नाहीत अशा बेताने पेरणी करावी. संकरित वाणाचे घरचे बियाणे पुन्हा पेरणे तर टाळावेच. पुढील पिढीत गुणांची फाटाफूट होते.

मग पैदासकार योग्य दाणा निवडतात तरी कसा? त्यांची रीत मोठी कौतुकास्पद आहे. अंकुराला धक्का न लावता बीजदलाचा टोकाकडील तुकडा कापून प्रयोगशाळेत त्यातील मेदाम्ले तपासतात. उरलेला दाणा मातीत रुजवितात, आणि तो उगवतोही.