नाइन-बॉल: पांढरा कुठे थांबतो?

क्यूने मारायचा पांढरा चेंडू टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी लागलाच पाहिजे, आणि नऊ नंबरचा नियमानुसार पॉकेटमध्ये गेला की डाव जिंकला. स्पर्धेच्या टेबलावर खेळायची जागा 100 बाय 50 इंच असते, चेंडूचा व्यास 57.15 मिलिमीटर.

चेंडू घालवणे सरावाने जमते. खरे कसब आहे ते पुढच्या फटक्यासाठी पांढरा हव्या त्या जागी आणण्यात. सरळ फटक्यात पांढऱ्याला मध्याच्या खाली मारले तर उलटी फिरकी बसते आणि टकरीनंतर तो मागे येतो. वर मारले तर पुढे धावतो. बाजूच्या फिरकीने कुशनवरून परतण्याचा कोन बदलतो. त्यासाठी क्यूचे चामड्याचे टोक घसरून चालत नाही, म्हणून प्रत्येक फटक्याआधी चॉक लावायचा. त्यात सिलिकाची बारीक खरखरीत पूड असते. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचे पेटंट अमेरिकेत 1897 मध्ये मिळवले.

पांढरा पॉकेटमध्ये गेला किंवा फटक्याच्या वेळी दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, तर फाउल. मग प्रतिस्पर्धी पांढरा टेबलावर कुठेही ठेवतो; स्पर्धेच्या पातळीवर ही शिक्षा फार जबर ठरते.

समोरचा खेळत असताना खुर्चीत स्वस्थ बसावे, त्याच्या नजरेच्या रेषेत हलू नये. पंच नसेल तेव्हा आपला फाउल आपणच सांगावा; खेळाडूची खरी पत इथेच कळते. चेंडू अगदी खेटून असतील, तर फटका मारण्याआधीच तिसऱ्या कुणाला बघायला बोलवा.