मोटारीचा कांटा आणि अन्वयव्यतिरेक

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता माळशेजचा घाट चढून ओतूर व आळेफाटा यांवरून आमच्या बेल्ह्यास येतो. जुनी मोटार घाट चढूं लागली, कीं चालकाची दृष्टि वारंवार डॅशबोर्डावरील तापमापकाकडे वळते. कांटा तांबड्या रेघेस भिडला, तर तो घाबरतो. तळाशीं निजलेला असला, तर निर्धास्त होतो. पण कांटा हा केवळ साक्षीदार आहे. पाणी गळून इंजिनांतील सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतांही कांटा खालीं राहूं शकतो आणि सिलिंडरचें डोकें वांकडें होऊन मोठा खर्च येतो. म्हणून साक्षीदाराची उलटतपासणी अवश्य करावी.

विजेच्या तापमापकाचीं अंगें चार: पाण्यांत बुडालेला सेन्सर, त्याची तार, डॅशबोर्डावरील मापक आणि त्यास मिळणारी वीज. पाणी तापलें म्हणजे सेन्सरचा विद्युत्-रोध कमी होतो, वीज अधिक वाहते व कांटा चढतो. दोष कोठें आहे, हें नैयायिकांच्या अन्वयव्यतिरेकानें, म्हणजे कारण असतां व नसतां काय घडतें तें पाहून, ठरवितां येतें.

इंजिन पूर्ण थंड असतां प्रथम रेडिएटरमधील पाणी पाहावें. मग इंजिन सुरू न करितां नुसती किल्ली फिरवावी व सेन्सरवरील तार काढावी. कांटा तळाशीं गेला पाहिजे. नंतर तारेचें टोंक इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावें व कांटा चढूं लागतांच काढून घ्यावें. दोन्ही वेळां असें घडलें, तर तार व मापक निर्दोष, संशय सेन्सरवर. तार काढूनही कांटा वरच राहिला, तर ती कोठें तरी घासून पत्र्यास लागली असावी. टेकवूनही तो हलला नाहीं, तर तार तुटली आहे, वीज पोंचत नाहीं किंवा मापक बिघडला आहे. पेट्रोलचा कांटाही त्याच वेळीं चुकत असेल, तर दोघांची सामाईक वीज पाहावी. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती स्थिर राखणारी एक लहान डबी असते. मात्र ठिणगीचा हा प्रयोग पेट्रोलच्या टाकीजवळ कदापि करूं नये.

1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव मिरविणारी मोटार आतां निघत नाहीं. तिच्या पिढीतील गाड्यांचे सुटे भागही जपूनच वापरले पाहिजेत. अशा वेळीं परीक्षेवांचून चांगला मापक काढून फेंकणें हा अन्याय होय. आणि घाटांत वाफ दिसली, तर कांटा कांहींही सांगो, गाडी थांबवावी. रेडिएटर निवेपर्यंत त्याच्या झांकणास हात लावूं नये.