उजव्या हाताकडे पाहा

‘जॅझ हॉट’ नावाचा एक कृष्णधवल लघुपट आहे. लांबी जेमतेम सहा-सात मिनिटांची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो तयार झाला, तोही अगदी व्यावहारिक कारणासाठी. पॅरिसमध्ये गाजत असलेलं ‘हॉट क्लब ऑफ फ्रान्स’चं पंचक इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होतं आणि ही मंडळी नेमकं काय वाजवतात, हे तिथल्या प्रेक्षकांना आधी समजावून सांगायचं होतं. आज जगभरातले गिटारवादक हा लघुपट थांबवत, मागे नेत, पुन्हा पुन्हा पाहतात. गिटारवर जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवर स्टेफान ग्राप्पेली, आवाज आणि चित्र जुळलेले असे, इतक्या जवळून पाहायला मिळणारी दुसरी जागा जवळजवळ नाहीच.

मी पुण्यात गिटार शिकवते. विद्यार्थ्यांना हा लघुपट दाखवला की सगळ्यांचे डोळे जँगोच्या डाव्या हातावर खिळतात. ते साहजिकच आहे. जँगोचा जन्म १९१० साली बेल्जियममधल्या लिबेर्शी गावाजवळ, मानूश कुटुंबात झाला. मानूश ही रोमा लोकांचीच एक शाखा. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, असं भाषेचे आणि जनुकांचे अभ्यास सांगतात. ही माणसं घोडागाडीत संसार मांडून फिरत असत. १९२८ साली पॅरिसच्या वेशीवर जँगोची गाडी पेटली. त्याच्या बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं गाडीत होती, त्यांनी क्षणात पेट घेतला. जँगो तेव्हा अठरा वर्षांचा होता. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याने कापू दिला नाही. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र कायमची आखडली.

लघुपटात कॅमेरा त्या हातावर येतो, तेव्हा तर्जनी आणि मधलं बोट तारेवरून सरसर वर चढताना दिसतात. एरवी आपण चार बोटांनी एकाच जागी बसून सहा तारांवर आडवे फिरतो. जँगोला ते शक्य नव्हतं, म्हणून तो तारेच्या लांबीवर उभा धावतो. त्याच्या ताना अशा एका दमात वर जाणाऱ्या का, याचं उत्तर या काही क्षणांत मिळतं. आखडलेली बोटंही अगदीच बसून नसतात. कॉर्ड धरताना बारीक तारांवर ती कामाला येतात.

एवढं पाहून झालं की मी मुलांना म्हणते, आता पुन्हा लावा आणि फक्त उजवा हात बघा.

“ताई, हे हात कुठे टेकवतच नाहीत?” हा प्रश्न पहिल्यांदा येतो. बरोबर आहे. मनगट कमानीसारखं वाकलेलं आणि हात जवळजवळ अधांतरी. नवी तार आली की पिक बहुतेक वेळा वरून खालीच पडतं आणि तार छेडून झाल्यावर पुढच्या तारेवर जाऊन विसावतं. सरोदवादक जव्याने ‘दा’चा ठोका देतो, तसा वजनदार स्वर त्यातून निघतो. मनगटाचा नुसता भार सोडायचा असतो, म्हणून जोर फारसा लागत नाही.

या हाताला कारण आहे. जँगो बारा-तेराव्या वर्षीच पॅरिसच्या नाचघरांत बँजो-गिटार वाजवू लागला होता. तिथे शेजारी अकॉर्डियन, समोर नाचणाऱ्यांचा गोंगाट आणि माइक नाही. ज्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचत नाही, त्याला काम मिळत नाही. पुढे १९३२ साली सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या सेल्मर कंपनीने मारिओ माकाफेर्री या इटालियन वादक-कारागिराच्या आराखड्यावरून खणखणीत आवाजाची गिटार काढली. अशा गिटारी हजारही बनल्या नाहीत. जँगोची ५०३ क्रमांकाची सेल्मर आज पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात आहे.

मग मी मुलांना मागच्या माणसांकडे बघायला सांगते. १९३४ साली जमलेल्या या पंचकात ड्रम नव्हता. तालाचं सगळं ओझं दोन ऱ्हिदम गिटारी आणि डबल बासवर. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोराचा झटका आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून आवाज कापायचा. याला फ्रेंचमध्ये ‘ला पाँप’ म्हणतात. पंचकात हे काम करणाऱ्यांत जँगोचा धाकटा भाऊ जोसेफ होता. आगीनंतर जँगो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याला गिटार आणून देणाराही जोसेफच. त्याचं स्वतःचं वादन बघायचं असेल, तर पॉल पाविओने जँगोच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी केलेला लघुपट शोधावा. त्यात निवेदन इव्ह माँताँचं आहे. उजव्या हाताची ठेवण तीच, घराण्याची.

‘जॅझ हॉट’चं हे चित्रण वाचलं, याचं मोल कळायला पुढचा इतिहास आठवावा लागतो. १९४० साली फ्रान्सने भटक्या कुटुंबांच्या फिरण्यावर बंदी घातली आणि हजारोंना छावण्यांत डांबलं. काही जण तर युद्ध संपल्यावर, १९४६ साली सुटले. नाझींनी युरोपभर लाखो रोमा मारले. जँगोने १९४३ साली स्वित्झर्लंडमध्ये निसटायचा प्रयत्न केला. सीमेवरून त्याला परत पाठवलं गेलं. तो वाचला, आणि १९५३ साली सेन नदीकाठच्या साम्वा गावी राहत असताना वारला. जँगोला नोटेशन येत नव्हतं, लिहिणं-वाचणंही जेमतेमच. या परंपरेत वडील वाजवतात, मूल समोर बसून बघतं आणि तसंच वाजवू लागतं. १९६६ साली अल्सासमध्ये जन्मलेला बिरेली लाग्रेन तेराव्या वर्षी जँगोच्या वाटेने वाजवत होता, तो याच शिक्षणातून. ज्यांच्या घरात असे वडील नाहीत, त्यांच्यासाठी समोर बसायची जागा म्हणजे हे लघुपट.

म्हणूनच ‘दोन बोटांचा चमत्कार’ एवढ्यावर हे चित्रण संपवलेलं मला आवडत नाही. चमत्कार म्हटलं की आपण हात जोडतो आणि शिकायचं थांबतो. जँगोच्या डाव्या हाताची नक्कल करू नका. तो त्याच्या जखमेचा, त्याच्या एकट्याचा हात आहे. उजवा हात त्याच्याकडे नाचघरांतून आला, भावाकडे होता, पुढच्या पिढ्यांकडे गेला. तो कुणालाही शिकता येतो. आवाज बंद करून एकदा फक्त तोच बघा, मग गिटार घ्या आणि मनगट टेकवू नका.